माहिती गोळा करण्यात येत आहे

बाबा, मागच्या आठवड्यात आपल्या गावच्या शाळेचे हेडमास्तर माझ्याकडे नागपूरला, प्रताप नगरात आले होते. शाळेची स्मरणिका निघतेय आणि शाळा तुमच्यामुळे झाली, म्हणून तुमच्यावर दोन पानं हवीत, तीही मुलीच्या हातची, असं त्यांचं म्हणणं. मी लिहून ठेवलीच होती. त्यांनी समोर बसून सावकाश वाचली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, त्या बुढीचं नाही लिहिलं तुम्ही?" मी म्हटलं, मला त्यातलं फारसं ठाऊक नाही. ते बरं म्हणाले आणि गेले. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आज माझं वय जास्त आहे, आणि या वयात मी एका भल्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलले. त्या दिवसापासून दुपारी झोप लागत नाही. म्हणून हे तुम्हाला लिहितेय.

त्या दोन पानांत जे आहे ते खरंच आहे. सातवी शिकलेला शेतकरी, बैलबंडीतून गावोगाव फिरून निवडून आला, सावनेरकडच्या खेड्यांचा दोनदा आमदार झाला. नाल्यावर पूल बांधून घेतला, शाळेला पक्की इमारत मिळवली, दवाखान्यात नर्स आणली. मुंबईला पावसाळी अधिवेशनाला गेलात तेव्हा माझ्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणलेत, काळ्या मातीत चालायला, आणि सगळं गाव मला हसलं, हे मात्र मी त्यात लिहिलं नाही. आपल्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसलेली असत. आई चुलीवर मोठं गंज ठेवून गुळाचा चहा उकळायची, आणि मी सुट्टीत कॉलेजातून घरी आले की तुमच्या शेजारी सतरंजीवर बसून अर्ज लिहायची. तुमचा हात नांगराचा. अक्षरं शेतातल्या तासासारखी लांब ओढली जायची, म्हणून तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची. सही तेवढी तुमची, प्रत्येक अक्षर सुटं सुटं.

एकदा तुम्ही जेवायला बसला होतात आणि कुणीतरी फाटकाशी आलं. मी तिथूनच म्हटलं, बाबा घरी नाहीत. तुम्ही ताटावरून उठलात. ओरडला नाहीत. खरकट्या हातानंच माझ्यासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "जेवून राहिले म्हणून सांगजो. झोपले म्हणून सांगजो. बसा म्हणजो. पण जे नाही ते त्यायले सांगायचं नाही. ते चार कोस चालून येतात, पोरी." तो माणूस बसला आणि तुम्ही परत ताटावर आलात, पण माझ्याकडे पाहिलं नाहीत. मला वाटलं होतं की हे मी जन्मभर विसरणार नाही.

पुलापलीकडे, खाणीच्या अंगाला, लहानसं गाव होतं. आपल्या गच्चीवरून खाणीच्या तोंडावरचं उंच चाक दिसायचं, कधी फिरताना, कधी थांबलेलं. त्या गावात ती बुढी राहायची, जिच्या हातावर तुमचा जन्म झाला. आसपासच्या पाच-सात गावांतली अर्धी माणसं तिनंच या जगात आणली होती. पण सुईणीचं काम झालं की आपल्या घरात तिला ओसरीच्या आत येता येत नसे. आजी तिला अंगणात वरून पाणी वाढायची. तुम्ही आमदार झाल्यावर ते बंद केलंत. ती मात्र आली तरी अंगणातच बसायची, जुन्या सवयीनं की हट्टानं, कोण जाणे. तिच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, नागपूरला दीक्षेला पायी गेली तेव्हा आणलेली. तुम्हाला ती बाबू म्हणायची. आमदारसाहेब म्हणणाऱ्या माणसांच्या गर्दीत तिनं बाबू अशी हाक मारली की तुमचे कान लाल व्हायचे, आणि तुम्हाला ते आवडायचं.

दिवाळी झाल्यावर तिनं निरोप धाडला: माह्या घरात माणसं बोलून राहिली, येऊन जाय. तुम्ही हसलात. म्हातारपण, म्हणालात. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मला घेऊन निघालात, कारण काही अर्ज लिहायचा असेल तर तिथंच लिहून घेऊ.

ती दुपार मला आजही हाताला लागते इतकी स्पष्ट आहे. ऊन लख्ख. दारातून आत आलं की शेणानं सारवलेली भुई, कोपऱ्यात चूल, आणि भुईच्या मधोमध केसाएवढी एक चीर, भिंतीपर्यंत गेलेली. बुढी पाय पसरून बसली आहे. ती ओठांवर बोट ठेवते. "आता चूप आहेत," ती म्हणते. "जेवाची सुट्टी झाली असंन. बस गा बाबू, थोड्या वेळानं ऐकू येईन." तुम्ही बसता. तिनं दिलेला काळा चहा पिता. मी दाराशी उभी. मग ती म्हणते, "लाव कान." तुम्ही टोपी काढून बाजूला ठेवता, भुईवर आडवे होता, कान लावता. मला हसू येतंय, कारण आमदार असे पालथे पडलेले मी पाहिलेले नाहीत. मग तुमचा चेहरा पाहून माझं हसू थांबतं.

"ये," तुम्ही मला म्हणता. मीही कान लावते. भुई गार आहे. आधी काहीच नाही. मग खूप खोल, लोखंडावर लोखंड, एका लयीत. थांबतं. पुन्हा सुरू होतं. आणि मग एक माणूस खोकतो.

बाबा, तो खोकलाच होता. मी तो नंतर हजार वेळा मनात ऐकला आहे. छातीत खूप दिवस मुरलेला, कुणाला त्रास नको म्हणून दाबून धरलेला खोकला.

"हा खोकलतो त्याले बरं नाही," बुढी म्हणाली. "दुसरा एक गाणं म्हणते, पण त्याचे बोल समजत नाहीत, दूरदेशचा असंन. मी त्यायले दुपारी दोन गोष्टी सांगतो. ऐकतात बिचारे."

परत येताना पुलावर थांबून तुम्ही म्हणालात, "गावाच्या खाली खोदून राहिले हे लोक. घरं जातील एक दिवस." तुमच्या दृष्टीनं ते तेवढंच होतं. खाली काम चाललंय, म्हणजे गावाला धोका आहे, म्हणजे सभागृहात विचारायला हवं. मी त्याच संध्याकाळी प्रश्न लिहिला: सदर गावाच्या खाली खाणकाम सुरू आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासन काय कारवाई करणार आहे.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. तुम्ही मला प्रेक्षक गॅलरीचा पास काढून दिलात. मी वरून पाहत होते. उत्तर आलं: हे खरे नाही. असल्यास काय करणार, हा प्रश्न उद्भवत नाही. तुम्ही उभे राहिलात, कोटाची बटणं लावलीत आणि म्हणालात, "अध्यक्ष महाराज, मी स्वतः भुईला कान लावून ऐकलं आहे. माणसं खोकलतात खाली." सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या. माननीय सदस्यांनी कानाच्या डॉक्टरला दाखवावं, असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. तुम्ही काही क्षण उभेच राहिलात, हसणं थांबेल म्हणून. मग बसलात. वरून मला तुमच्या टोपीचा फक्त मधला भाग दिसत होता.

दोन दिवसांनी दुपारी आमदार निवासातल्या तुमच्या खोलीवर एक गृहस्थ आले. खाणीत मोजणीचं काम करून निवृत्त झालेले, काखेत कागदाची लांब गुंडाळी. वर्तमानपत्रात तुमची थट्टा वाचून आले होते. त्यांनी पलंगावर नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर तुमचे बूट, तांब्या, माझं पुस्तक, जे सापडलं ते ठेवलं. "तुमचं खरं आहे साहेब," ते म्हणाले. "गावाच्या खाली पोकळ आहे. हे सगळे बोगदे तुमच्या त्या घरांच्या खालून गेले आहेत. पण तिथलं काम केव्हाच बंद झालं. दहा-बारा वर्षं झाली. पाणी घुसलं, छतापर्यंत भरलं, तोंड बुजवून टाकलं."

"मग आता कोण काम करून राहिलं तिथं?" तुम्ही विचारलंत.

"कोणीच नाही. तिथं माणूस असणं शक्य नाही."

बाहेर व्हरांड्यात कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. मग तुम्ही अगदी हळू विचारलंत, "पाणी घुसलं तेव्हा आतले सगळे बाहेर आले होते?"

ते गृहस्थ नकाशा गुंडाळायला लागले. आधी एक कोपरा, मग दुसरा. "ठेकेदाराचे मजूर होते," ते म्हणाले. "बाहेरगावचे. त्यांची नावं आमच्याकडे नसत." दाराशी जाऊन थांबले. "आणि मी त्या दिवशी रजेवर होतो."

ते गेल्यावर मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तळहात कानावर ठेवला होता. आपण दोघांनी खोकला ऐकला होता, बाबा, आणि आपण त्याबद्दल एकमेकांशी पुन्हा कधीही बोललो नाही. नकाशा मात्र तुम्ही वापरलात. खाली पोकळ आहे एवढंच धरून मंत्र्यांच्या, कलेक्टरच्या, खाणीच्या दारात उभे राहिलात. उन्हाळ्यात हुकूम निघाला. गाव हलवायचं, रस्त्यालगत नवी वस्ती, प्रत्येकाला जागा, मधोमध विहीर. एवढं मोठं काम तुमच्या हातून दुसरं झालं नाही. स्मरणिकेतही मी त्याला सगळ्यात जास्त ओळी दिल्या आहेत.

पावसाळ्याच्या तोंडाशी लोक निघाले. बंड्यांवर छपरांचे कवेलू, दारं, लाकडी मयाली, जे उपयोगाचं ते सगळं काढून नेलं. बुढी हलली नाही. गावातली पोरं समजवायला गेली, नर्स गेली, तलाठी गेला. तिचं एकच म्हणणं: "मी गेली त त्यायले कोण हाये? कोणी विचारत होतं का त्यायले?" शेवटी तुम्ही गेलात. अंगणात तिच्यासमोर उकिडवे बसलात. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू स्वतः घ्यायले ये बाबू. माह्या हातानं तू या जगात आला, तुह्या हातानं मी इथून निघतो. दुसऱ्या कोणासोबत येणार नाही." तुम्ही पोळ्याच्या आदल्या दिवसाचा शब्द दिलात.

त्या दिवशी सकाळी नव्या वस्तीतून माणूस धावत आला. जागांवरून भांडण पेटलं होतं, एकाचं डोकं फुटलं होतं. तुम्ही सदऱ्याच्या बाह्या वर करत निघालात, आणि फाटकातून मला हाक मारलीत. "तू जाय जीपनं. तिले घेऊनच येजो. मी नाही आलो म्हणून रागावंन, रागावू दे. हात धरून उठवजो. गुडघे धरतात तिचे, हात दिल्याशिवाय उठता येत नाही तिले." हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. तुम्ही ते दोनदा सांगितलेत.

जीप नाल्याच्या अलीकडेच थांबली. पलीकडची जमीन भिजून मऊ झाली आहे, चाकं रुततील, असं ड्रायव्हर म्हणाला. मी तुम्ही आणलेले रबरी बूट घातले होते. पूल ओलांडून एकटी चालत गेले. बारा वाजत आले होते. पाऊस उघडून चांगलं ऊन पडलं होतं. आणि ते गाव, बाबा. घरांना छप्परं नव्हती, दारं नव्हती, चौकटी नव्हत्या. नुसत्या मातीच्या भिंती, आणि प्रत्येक घरात आभाळ. कुत्रं नाही, कोंबडी नाही. एका चुलीत उगवलेलं गवत हलत होतं आणि वारा मात्र नव्हता.

तिचं घर तेवढं शाबूत. ती चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती, शेजारी गाठोडं बांधून तयार. हे मी कुणालाच सांगितलं नाही. ती निघायला तयार होती.

"बाबू काहून नाही आला वं?" तिनं विचारलं.

"काम निघालं. मला पाठवलंय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणेल. पण ती म्हणाली, "तूबी त्याचीच. चाल. थांब, त्यायले सांगू दे." आणि ती भुईकडे वाकून, शेजारणीशी बोलावं तशी, म्हणाली, "निघून राहिली बरं मी. बाबूची पोरगी आली घ्यायले."

खालून ठोकल्याचा आवाज आला. मागच्या वेळेसारखा खोल नाही. जवळ. माझ्या बुटांच्या रबरातून तळव्याला जाणवेल इतका जवळ. मी एक पाऊल बाजूला सरले. आवाज थांबला आणि जिथं मी सरले होते तिथं, नेमका पायाखाली, पुन्हा आला. मी आणखी सरले. तोही सरला. मग तो माणूस खोकला.

"घाबरू नको," बुढी म्हणाली. "पाहून राहिले कोण आलं ते. हात दे वं पोरी."

तिनं हात पुढे केला. सुरकुतलेला, बोटं वाकलेली, तळवा वर. मी त्या हाताकडे पाहिलं आणि दिला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी भ्याले होते, आणि ते खरं आहे. पण ज्या हातावर माझा बाप जन्मला तो हात मी आयुष्यात कधी हातात घेतला नव्हता, हेही खरं आहे. अंगणात वरून वाढलेलं पाणी मी लहानपणी पाहिलं होतं. त्या एका क्षणात माझा हात काहून पुढे झाला नाही, हे भीतीनं पूर्ण उलगडत नाही. मी दाराबाहेर जाऊन म्हटलं, "बाबा उद्या स्वतः येणार आहेत. उद्या." आणि पळत सुटले. मागून हाक आली नाही. पुलावर पोचल्यावर वळून पाहिलं तर घराच्या दारात तिचा हात तेवढा दिसत होता, अजून तसाच पुढे. इतक्या लांबून तो दिसणं शक्य नव्हतं. पण मी पाहिला.

ड्रायव्हरला मी सांगितलं, ती येत नाही म्हणते. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, बाबू आल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. तुम्ही कपाळाला हात लावलात. "माहीत होतं मले," म्हणालात. "मीच जायले पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, तुम्ही पुलावर पाय ठेवला आणि समोरचं गाव खाली गेलं. तुम्ही सांगायचात की आवाज झालाच नाही. भिंती एकमेकींकडे वळल्या, जणू काही सांगायचं असावं, आणि बसल्या. मग त्या जागी काळं पाणी वर आलं आणि स्थिर झालं. आपल्या गावात बैल सजवलेले तसेच गोठ्यात उभे राहिले, त्या वर्षी पोळा फुटला नाही. माणसांनी चार दिवस दोरांना गळ बांधून पाणी ढवळलं. तसबिरीची चौकट निघाली, पातेलं निघालं. ती निघाली नाही.

चौथ्या दिवशी तिचं गाठोडं सापडलं. पाण्यात नाही. नाल्याच्या अलीकडे, पुलाच्या या टोकाला, जिथं पोळ्याच्या आदल्या दिवशी जीप उभी होती तिथल्या बाभळीखाली. बांधलेलं. पाऊस चार दिवस पडत होता आणि आतली लुगडी कोरडी होती. तुम्ही ते मांडीवर घेऊन ओसरीवर बसलात. सगळी उठून गेल्यावर मला विचारलंत, "तिले त हात दिल्याशिवाय उठता येत नव्हतं. मग हे इथवर कसं आलं? कोणं उठवलं तिले?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

तिथं मी सांगायला हवं होतं. तुम्ही फक्त प्रश्न विचारत होतात, माझ्यावर संशयही नव्हता. नंतर आसपासच्या गावांत, दवाखान्यात, तिच्या भाचीकडे सावनेरला, सगळीकडे माणसं पाठवलीत. कुठंच नव्हती. तुम्ही मात्र ती मेली असं कधी म्हणाला नाहीत. निघून गेली, असंच म्हणायचात.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक अधिवेशनात एकच प्रश्न विचारलात. मीच लिहून द्यायची, शब्दही न बदलता: खाणीतील सदर काम बंद झाले त्या दिवशी आत असलेले सर्व मजूर बाहेर आले होते काय, नसल्यास, त्यांची नावे काय. आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर: माहिती गोळा करण्यात येत आहे. आता कुणी हसत नसे. तुम्ही उभे राहिलात की लोक कागद चाळायला लागायचे. पक्षातल्या मोठ्यांनी सांगून पाहिलं, रस्त्यांचं विचारा, पाण्याचं विचारा, मेलेल्यांचं काय विचारता. तुम्ही म्हणालात, "मेले असं त सांगा मग. तेबी सांगून नाही राहिले तुम्ही." पुढच्या निवडणुकीला तिकीट मिळालं नाही. तुम्ही अपक्ष उभे राहिलात, शिडी चिन्ह घेऊन. नव्या वस्तीतल्या सभेत, विहिरीच्या कठड्याशी उभे राहून, तुम्ही खोकल्याची गोष्ट सांगितलीत. ज्यांना तुम्ही त्या गावातून जिवंत बाहेर काढलं होतं ती माणसं खाली माना घालून ऐकत होती. तुम्ही पडलात.

शेवटची वर्षं माझ्याकडे नागपूरला होतात. दुपारी पलंग सोडून उघड्या फरशीवर एका कुशीवर निजायचात. मी लोकांना सांगायची, उकाड्यानं. डिसेंबरातही तसेच निजायचात. ज्या दुपारी गेलात त्या दुपारी मी पाणी घेऊन आले आणि विचारलं, बाबा, घेता का? तुम्ही डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलंत. "चूप," म्हणालात. "जेवाची सुट्टी झाली." मी तिथंच फरशीवर बसून राहिले. थोड्या वेळानं तुमचा हात पुढे झाला, तळवा वर. मी धरायला गेले, पण तो आधीच कुणीतरी धरल्यासारखा घट्ट मिटला होता.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी तुमच्या नावानं एक सरकारी लिफाफा आला. तुमच्या प्रश्नाच्या संदर्भात कळवण्यात येत होतं की माहिती गोळा करण्यात येत आहे. खाली कुणाची तरी सही, वाचता न येणारी. मी पोचपावतीवर तुमच्या वतीनं सही करून दिली.

हेडमास्तरांना यातलं काहीही देणार नाही. स्मरणिकेत शाळा, पूल, नवी वस्ती, एवढंच छापू दे. ते सगळं तुम्ही केलंत आणि लोक आजही त्यावरून चालतात. हे कागद तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही, आणि असती तरी मी लिफाफ्यात घातले असते की नाही, सांगता येत नाही. बुढीचं सांगून झालं. पण एक लहान गोष्ट राहिली आहे, आणि खरं तर तीच लिहायला मला इतकी पानं लागली.

तुम्ही पडलात त्या निवडणुकीत मला नुकताच मताचा हक्क मिळाला होता. आपल्याच शाळेत केंद्र होतं. आई माझ्या पुढे रांगेत होती, ती नवं लुगडं नेसली होती. मी पडद्यामागे गेले, मतपत्रिका उघडली. तुम्ही निवडून आला असता तर पुन्हा सभागृहात उभे राहिला असता, पुन्हा विचारलं असतं, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी खरंच उत्तर दिलं असतं. मग तुम्ही ते उत्तर घेऊन घरी आला असता, माझ्यासमोर बसला असता आणि त्या दिवशी दुपारी काय झालं ते मला पुन्हा पहिल्यापासून विचारलं असतं. शिडी वरून तिसरी होती. मी शिक्का तिच्या खालच्या चिन्हावर मारला, कागदाची नीट घडी केली आणि बाहेर आले. तुम्ही फाटकाशी उभे होतात. मला विचारलंत, "बरोबर मारला ना शिक्का, पोरी?" मी हो म्हटलं.